शेवाळ पिळणारे हात

९ जानेवारी, गुरुवार

बोटावरची पुळी अजून गेली नाही. उजव्या हाताचं मधलं बोट, नखाच्या जरा खाली. पंधरा दिवस होऊन गेले. मलम लावून झालं, गरम पाण्यात बुडवून झालं. ढिम्म! दुखत नाही हेच जास्त खटकतं. पुळी म्हटली की ठणकावी, पिकावी, फुटावी, मोकळं व्हावं. ही नुसती बसून आहे. आगंतुक पाहुण्यासारखी — बसतही नीट नाही आणि उठतही नाही.

शेवाळातली काडी टोचली होती, तिथेच आली आहे. गेल्या महिन्यात मास्तरांनी पोतंभर वाळलेलं शेवाळ दिलं. ऑर्किडची मुळं त्यातच गुंडाळायची, मातीत ती गुदमरतात. त्यातल्या काड्या वेचत बसले होते. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त मास्तर. सहा वर्षांपूर्वी पहिलं रोप त्यांनीच दिलं आणि हे वेड लावून दिलं. तेव्हापासून सांगताहेत, "वहिनी, मोजे घालत जा." पण मोज्यातून ओल कळते का? भिजवलेलं शेवाळ मुठीत पिळायचं ते असं की बोटाच्या टोकाला थेंब लोंबला पाहिजे, पडता कामा नये. पडला तर मुळं कुजतात, लोंबला नाही तर सुकतात. हे बोटांनाच कळतं.

माकडतोंडीला दांडा आला आहे! चार वर्षांनी! मुगाच्या दाण्याएवढी कळी. तिचं खरं नाव पट्टीवर लिहिलेलं आहे, मला उच्चारता येत नाही. फूल हुबेहूब माकडाच्या तोंडासारखं असतं म्हणतात. देवानं काय काय करून ठेवलं आहे आणि कुठे कुठे लपवून ठेवलं आहे!

१२ जानेवारी, रविवार

हाताच्या पाठीवर, मनगटाच्या अलीकडे, आणखी एक गाठ. परवा नव्हती. नव्हतीच.

१७ जानेवारी, शुक्रवार

आता तीन झाल्या. तिसरी मनगटाच्या वर. एका रेषेत आहेत. बोटापासून निघून वर चढताहेत, टाके घालत गेल्यासारख्या.

आज पूजा करताना फुलपात्र हातातून सुटलं. गाठींकडेच लक्ष होतं. मग एकदम मावशी आठवली. माझ्या आईची मोठी बहीण. मी सात-आठ वर्षांची असेन. मागच्या खोलीत राहायची, तिचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, आणि तो तांब्या उंबऱ्यावर ठेवून मागे सरकायचं. मी विचारलं तर आई म्हणाली, "तिच्या हाताला झालंय." काय झालंय ते कुणी सांगायचं नाही. शब्द मोठेपणी कळला. इथेही लिहवत नाही.

लिहिते. महारोग.

घरात सूनबाई आहे. सहावा महिना. मुलगा नोकरीच्या गावी, जाताना म्हणाला, "आई, तुझ्या भरवशावर ठेवून जातोय." कसला भरवसा घेऊन बसला आहे तो! माझ्या हातचं ती खाते. माझ्या हातांनी तिच्या पायांना तेल लावते मी.

२१ जानेवारी, मंगळवार

त्या रोगात म्हणे चामडीला काही कळत नाही. दुपारी न्हाणीघरात जाऊन कडी लावली आणि गाठीवर सुई टोचली. कळलं! चांगलंच कळलं, डोळ्यांत पाणी आलं. दुखल्याचा एवढा आनंद जन्मात झाला नव्हता. बाहेर येऊन देवापुढे नाक घासलं.

मग वाटलं, जोरात टोचली म्हणून कळलं असेल. हळू टोचली असती तर?

२२ जानेवारी, बुधवार

हळू टोचून पाहिली. कळलं. नक्की कळलं का, ते सांगता येत नाही.

२७ जानेवारी, सोमवार

उपाय केला आहे. मनगट मुरगळलं म्हणून सांगितलं आणि कोपरापासून बोटांपर्यंत पट्टी गुंडाळली. ह्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, बारीक बघायची सवय. लगेच म्हणाले, "मनगट मुरगळलं तर पट्टी बोटाला कशाला?" म्हटलं, मुरगळ खाली उतरते. "मुरगळ आहे का जिन्यावरची मांजर?" म्हणाले आणि हसत गेले. बरं झालं हसत गेले.

स्वयंपाकाला हात लावायचा नाही असं ठरवलं. हे करताहेत. आजचा भात घड्याळाच्या तेलात परतल्यासारखा होता, सूनबाई खाताना म्हणाली, "बाबा, वेळेवर झालाय हो!" माझं ताट-वाटी मीच घासते, वेगळ्या फडक्यानं पुसते, फळीच्या टोकाला ठेवते. कपडे वेगळे भिजवते. देवाची पूजाही ह्यांच्याकडे दिली. मी लांबूनच हात जोडते — हात तरी कसे जोडायचे!

आणि ऑर्किड सूनबाईकडे दिली. मागच्या गॅलरीत चाळीसएक कुंड्या आहेत, कुणाला तरी बघायलाच हव्यात. माझ्या हाताची बाधा झाडांना नको आणि झाडांवरून तिला नको. एवढी वर्षं मी तिला कुंडीला हात लावू दिला नव्हता. ती टाळ्या पिटून म्हणाली, "आई, एकदम गादीच सोडलीत?" मग मी दारात उभं राहून शिकवलं. आत गेले नाही. शेवाळ कसं भिजवायचं, किती पिळायचं. तिनं पहिल्यांदा पिळलं तर धार लागली. "अगं, कपडे पिळतेस का? मूठ मिट, पण चिमणी धरल्यासारखी." तिसऱ्यांदा थेंब लोंबला. पडला नाही. काय तिचा चेहरा झाला! मीही सगळं विसरून हसले. शेवाळ स्वच्छ असतं, कोवळं, रानाचा वास येतो. तेवढा वेळ तरी ती माझ्यापासून लांब आणि चांगल्या ठिकाणी असते.

२ फेब्रुवारी, रविवार

माकडतोंडी उमलली! सकाळी सूनबाईची हाक, "आई, लवकर या, कोणीतरी बघतंय!" धावले. दारातूनच पाहिलं. खरंच बघतंय! तपकिरी तोंड, दोन बारीक डोळे, मध्ये पांढरं नाक, खाली तीन लांब शेपट्या. जरा रुसलेलं. "आई, तुमच्यासारखं दिसतं. भातात मीठ कमी पडलं की तुम्ही अशाच बघता." हे म्हणाले, "छे, तिच्या माहेरचं कोणीतरी आहे." दोघं हसत बसले. सूनबाई म्हणाली, "जवळ या ना." म्हटलं, गुडघा दुखतो, पायरी नको. तिनं कुंडीच उचलून माझ्याकडे आणली. मी मागे सरकले. भिंतीला टेकले. तिला कळलं असेल का?

मी ऑर्किडचं फूल तोडून देवाला कधी वाहिलं नाही. सहा वर्षांत एकही नाही. दोन-दोन महिने टिकणारं फूल तोडायचं कसं? मी देवच उचलून गॅलरीत नेते, फुलापुढे ठेवते, दाखवते आणि परत आणते. ह्यात लबाडी आहे हे मला ठाऊक होतं. दुसऱ्यांच्या कुंपणावरची फुलं देवाला आणि स्वतःची स्वतःला! ते तर नसेल ना हे? देवा, एवढं मोजून घेतोस का तू?

घेत असशील. मीही घेतेच की.

८ फेब्रुवारी, शनिवार

बोटावरची फुटली. पाण्यासारखं आलं. आता पाच आहेत, शेवटची कोपराशी. चिंध्या चुलीत जाळल्या.

मी जायचं ठरवलं आहे. बाळ यायच्या आत. भावाकडे जाते म्हणायचं आणि मग तिथूनही कुठेतरी. जिथे अशा माणसांना ठेवतात तिथे. दोन लुगडी, जपाची माळ, चष्मा. पिशवी भरून खाटेखाली ठेवली आहे. सूनबाईच्या बाळंतपणाला कोण? तिची आई तर नाही. हे मला सुचतच नाही. पण तान्ह्या जिवाला मी घेणार कशी? आणि घेतलं नाही तर लोक विचारणार, आजी घेत का नाही? मावशीनं मला कधी उचलून घेतलं नव्हतं. उंबऱ्याच्या आतून नुसती बघायची. आता कळतं कशी बघायची ते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

ह्यांना कळलं.

जेवायला घरी आले, पिशवी पायाला लागली. उघडून पाहिली. दुकानातलं ते डोळ्याला लावायचं भिंग खिशात होतं, ते लावलं आणि समोर बसले. "हात दे." म्हटलं, मुरगळलाय. "हात दे म्हणतो ना." पट्टी त्यांनीच सोडली. एकेक गाठ पाहिली, जसं बंद पडलेलं घड्याळ पाहतात तशी, श्वास रोखून. मी म्हटलं, "हात नका लावू!" त्यांनी लावला. माझा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले होते बराच वेळ, भिंग डोळ्यालाच. मला वाटलं बघताहेत. भिंगाखालून पाणी आलं तेव्हा कळलं.

मग ओरडले. "माझा रोजचा चहा सुद्धा वहीत मांडतेस आणि हे कुठे मांडलं नाहीस?"

मांडलं होतं. इथे.

उद्या दुकान बंद ठेवणार आहेत.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चामडीच्या डॉक्टरीणबाई. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला फटकळ. मी तो शब्द उच्चारला तर पेन खाली ठेवलं. "तो दिसत नाही मला. आणि समजा असता, तर गोळ्या घेऊन बरा होतो. ताट वेगळं करून नाही! तुम्ही कुठल्या काळात राहता?" ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

मग प्रश्नांची सरबत्ती. गुलाबाची झाडं आहेत का? नाहीत. मांजर? नाही. शेतात, गवतात काम? नाही. लाकूडफाटा? नाही. "मग दिवसभर करता काय?" म्हटलं, घरकाम. देवपूजा. हे काहीतरी बोलणार होते, मी डोळ्यांनी दाबलं. त्यांना माझ्या झाडांची थट्टा करायची सवय आहे, आणि डॉक्टरीणबाईंपुढे कुठे ऑर्किडचं कौतुक सांगायचं! कामाचं विचारत होत्या त्या. ते काय काम आहे?

गाठीचा तुकडा काढून घेतला. म्हणाल्या, बुरशी असेल असं वाटतं, पण ती बाटलीत वाढवून बघावी लागते, तीन आठवडे लागतील. वाढवणार! मी चार वर्षं माकडतोंडी वाढवली, ह्या तीन आठवड्यांत माझी बुरशी वाढवणार. पाणी कोण घालतं कोण जाणे.

तो नाही. बहुधा नाही. पण मग काय? खात्री होईपर्यंत ताट वेगळंच ठेवणार. पिशवी मात्र ह्यांनी रिकामी केली.

२० फेब्रुवारी, गुरुवार

सूनबाईनं एका बैठकीत अकरा कुंड्या बदलल्या! जुनं शेवाळ काढून, मुळं धुऊन, नवं बसवलं. पोट सांभाळत पाटावर बसली होती, गुडघ्यात बादली, कोपरापर्यंत हात शेवाळात. गुणगुणत होती. ती बिनपानांची — नुसती हिरवी मुळं, पान नावाला नाही — तिला वाटायचं मेलेली आहे. म्हटलं, मेलेली नाही, मुळांनीच श्वास घेते, मुळांनीच जेवते. "गरीब बिचारी, पसारा नाही," म्हणाली. आणि ती सडक्या वासाची फुलली आहे, माश्यांना भुलवणारी. सूनबाई नाकाला पदर लावून म्हणाली, "आई, हिचं कौतुक मात्र बाळ झाल्यावर!"

जुनं शेवाळ फेकू दिलं नाही मी. वाळवून परत वापरता येतं. तिनं ते सगळं नीट पसरून वाळत घातलं.

माझ्यापेक्षा तिचा हात चांगला आहे. देवा, हे घर तिच्या हातात गेलं तरी चालेल असं पहिल्यांदा वाटलं.

६ मार्च, गुरुवार

बुरशी. नाव लांबलचक आहे. तो रोग नाही. नाही! कागदावर लिहून दिलं आहे.

पण पुढचं लिहिते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही बुरशी काट्यांवर असते, कुजक्या लाकडात असते, आणि वाळलेल्या शेवाळात असते. काडी टोचली, खरचटलं, की आत शिरते आणि अशी रेघ धरून वर चढते. "शेवाळात हात घालता का कधी?"

ह्यांनीच सांगितलं, ऑर्किड आहेत हिची, चाळीस कुंड्या. डॉक्टरीणबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अहो, हे आधी नाही का सांगायचं!"

मी विचारलं, माझ्या हातून दुसऱ्याला? "तुमच्या हातून कुणाला काही होत नाही. शेवाळातून होतं." आणि अजून कुणी शेवाळात हात घातला असेल तर? "तर त्यांनाही हेच औषध." थेंबांचं औषध आहे, दुधातून घ्यायचं, रोज थेंब वाढवत. आणि तिला दिवस गेले असतील तर?

पेन थांबलं. "कितवा?"

"आठवा."

म्हणाल्या, तर हे औषध देता येत नाही, बाळाला बाधतं. झालंच तर शेकत राहायचं आणि बाळंत होईपर्यंत थांबायचं. ह्या रोगानं पोटातल्या बाळाला सहसा काही होत नाही. आजपासून तिनं शेवाळाला हात लावायचा नाही, आणि तिचे हात तीन महिने रोज बघा, कारण हे उशिरा वर येतं.

सहसा. घरी येईपर्यंत तो एकच शब्द कानात.

सूनबाई गॅलरीत पाणी शिंपत होती. तिचे दोन्ही हात धरले — सव्वा महिन्यानं पहिल्यांदा तिला हात लावला — आणि उजेडात उलटेपालटे केले. स्वच्छ. एक जुना ओरखडा डाव्या अंगठ्याजवळ, बस. तिला सगळं सांगितलं. विचारलं, "मोजे घालत होतीस ना गं?"

"घालत होते की. बहुतेक वेळा."

"बहुतेक?"

"पिळताना नव्हते घालत, आई. तुम्हीच म्हणालात ना, ओल बोटांनाच कळते."

७ मार्च, शुक्रवार

ह्यांनी शेवाळाचं पोतं, वाळत घातलेलं, कुंड्यांतलं, सगळं काळ्या पिशव्यांत बांधलं. स्वतः रबरी मोजे घालून. माकडतोंडीची मुळं उघडी पडली. ती फुलं अजून टवटवीत, त्यांना खालचं काही कळलेलं नाही. दोन दिवसांत माना टाकतील. टाकू देत.

मास्तरांना फोन केला, सावध करावं म्हणून. ते म्हणाले, "मला झालं होतं, वहिनी. दहा वर्षांपूर्वी. म्हणून तर मोजे म्हटलं होतं."

"मग कारण का नाही सांगितलंत?"

"कारण सांगितलं असतं तर तुम्ही रोप घेतलं नसतं."

फोन ठेवला. इतका राग मला कुणाचा आला नव्हता. मग उमगलं, मी तरी कुणाला कारण सांगितलं? सूनबाईला दारात उभं राहून शिकवलं, आत का येत नाही ते सांगितलं नाही. एका शब्दानं बोलले असते तर महिनाभर आधी डॉक्टरांकडे गेले असते, आणि त्या अकरा कुंड्या... माझा हात अशुद्ध म्हणून झाकला आणि तिचे हात त्यात बुडवले. मीच. माझ्या देखत. वर शाबासकी दिली.

१२ मार्च, बुधवार

औषध गंजलेल्या पत्र्यासारखं लागतं. आज बारा थेंब. कोपराची गाठ बसली, मनगटाची बसते आहे. बोटाला खपली धरली. हे रोज भिंग लावून बघतात आणि म्हणतात, "पंधरा मिनिटं पुढे आहे." मला आनंद होत नाही. माझ्या अंगावर राहू दे, देवा. वाटलं तर दुसऱ्या हातावरही दे. मी घेईन, कुरकुर करणार नाही. पण वाटणी करू नकोस.

सकाळी पूजा झाली की सूनबाई येते आणि दोन्ही हात पुढे करते. तळवे, मग पाठी, मग मनगटं, मग बाही वर करून कोपर. "शाळेत नखं तपासायच्या बाई, तशा दिसता," म्हणते. "छडी कुठाय?" मी बोटागणिक देवाचं नाव घेते. दहा बोटं, दहा वेळा. झालं की श्वास सोडते. मग दिवस सुरू होतो.

आज बाळानं लाथ मारली ते तिनं माझा हात धरून दाखवलं. तोच हात. उजवा. मी काढून घेणार होते, तिनं सोडला नाही.

१५ मार्च, शनिवार

स्वच्छ. मी सोळा थेंब.

१७ मार्च, सोमवार

स्वच्छ. मुलगा महिनाअखेर येतो म्हणाला. बाळाच्या दुपट्यांना टाके घातले. हात भरभर चालतो आता.

१८ मार्च, मंगळवार

आज सूनबाईनं उजवाच हात पुढे केला.